वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्हचे पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि गोव्याची दमट हवा

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर होती: हौशी रेडिओ चालवणाऱ्या हॅम मंडळींचे व्हॉल्व्हचे, म्हणजे हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळ्यांवर चालणारे, पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. ज्या वाचकांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, हॅमच्या टेबलावरचा सेट साधारणपणे १०० वॅटपर्यंत पॉवर देतो, आणि ती वाढवून अँटेनाकडे पाठवणारे स्वतंत्र यंत्र म्हणजे लिनिअर अ‍ॅम्प्लिफायर. आता ते ट्रान्झिस्टरचेही मिळतात. तरीही जे यंत्र घरी, हाताच्या अवजारांनी बांधता येते, जे उघडून बघितले की कोणता भाग काय काम करतो ते डोळ्यांना दिसते आणि जे अँटेनातला बिघाड घटकाभर सोसून घेते, ते व्हॉल्व्हचेच.

प्रश्न : माझे वडील व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. निवृत्तीनंतर त्यांनी घरी ८१३ जातीच्या दोन व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला होता. त्यांच्या पश्चात तो वीस वर्षांहून अधिक काळ माळ्यावर पडून आहे. मी स्वतः आता हॅमचा परवाना काढला आहे. प्लग लावून तो चालतो का, एवढे एकदा बघावे असा विचार आहे. सोबत आतले फोटो पाठवत आहे. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : कृपया प्लग लावू नका. वीस वर्षे बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर चालू करून बघणे म्हणजे तो बिघडवण्याची खात्रीची वाट आहे, आणि दुरुस्त होण्याजोगे जे यंत्र आज आपल्या हाती आहे ते दोन सेकंदांत भंगारात जाऊ शकते. अशा यंत्राला मेन्सच्या वायरपासून सुरुवात करून अँटेनाच्या सॉकेटपर्यंत, एकेक भाग तपासत, हळूहळू जागे करावे लागते.

फोटोंत मला आठ इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सिरीजमध्ये जोडलेले दिसतात. प्रत्येकावर १०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट असे छापलेले आहे, आणि प्रत्येकाला समांतर १०० किलोओहमचा एकेक रेझिस्टर आहे. तिसऱ्या आणि सहाव्या कंडेन्सरवरचे रेझिस्टर जरा निरखून बघा. त्यांच्यावरचे रंगीत पट्टे तपकिरी पडून एकमेकांत मिसळले आहेत. हे रेझिस्टर अर्ध्या वॅटचे दिसतात. ८१३ साठी नेहमी वापरतात तशी २००० व्होल्टची एचटी (हाय टेन्शन, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटला द्यायचा उच्च डीसी व्होल्टेज) धरली, तर प्रत्येक कंडेन्सरच्या वाट्याला २५० व्होल्ट येतात आणि रेझिस्टरमध्ये ०.६ वॅटहून थोडी जास्त उष्णता तयार होते, म्हणजे ते रोजच क्षमतेच्या बाहेर राबत होते. असा रेझिस्टर शेवटी आतून तुटतो, आणि मग त्या कंडेन्सरवरचा व्होल्टेजही सारखा वाटला जात नाही आणि यंत्र बंद केल्यावर त्यातला चार्जही उतरत नाही. या आठ रेझिस्टरांचे दुसरे कामच ते आहे. सगळे शाबूत असले, तर २००० व्होल्ट ५० व्होल्टच्या खाली यायला सुमारे ३७ सेकंद लागतात. एक जरी तुटलेला असेल, तर त्याच्या कंडेन्सरमध्ये चार्ज कित्येक तास टिकून राहू शकतो. आठही रेझिस्टर काढून त्यांच्या जागी तीन वॅटचे नवे बसवा. कंडेन्सरही आठच्या आठ बदला. दोन नवे आणि सहा जुने अशी सरमिसळ टिकत नाही. जुने कंडेन्सर थोडा थोडा व्होल्टेज देऊन पुन्हा कामाला लावता येतात हे खरे आहे, पण जे नवे सहज मिळतात त्यांच्यासाठी तो खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर ट्रान्सफॉर्मरकडे वळावे, कारण तोच सर्वांत महागडा आणि सर्वांत जड भाग आहे, आणि आपल्याकडच्या हवेत त्याचेच सर्वांत जास्त नुकसान होते. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधला कागद चार महिन्यांच्या पावसात ओल पितो. सर्व वायंडिंगच्या तारा सोडवून घ्या आणि एखाद्या इलेक्ट्रिशियनकडचा ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) आणून प्रत्येक वायंडिंग आणि कोअर यांच्यामधले, तसेच प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामधले इन्सुलेशन मोजा. १०० मेगओहमच्या वर आकडा आला, तर पुढे जायला हरकत नाही. काटा दोन-पाच मेगओहमवर घुटमळत असेल, तर घाबरून तो लगेच रिवाइंडिंगला देऊ नका. लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत ६० वॅटचा एक जुना तारेचा बल्ब पेटवून ट्रान्सफॉर्मर दोन-तीन दिवस त्या उबेत ठेवा, पेटीला वरच्या बाजूला वाफ जायला भोक असू द्या, आणि मग पुन्हा मोजा. ओल निघून गेली की आकडा आपोआप चढतो. तसा तो चढला नाही, तर मात्र वायंडिंग नव्याने करून घेणे आले.

८१३ चे फिलामेंट १० व्होल्टवर ५ अँपिअर घेते, म्हणजे आपल्या दोन व्हॉल्व्हना मिळून १० अँपिअर लागतील. एवढा करंट वाहताना गंजलेल्या सॉकेटच्या पिनांवरच अर्धा-एक व्होल्ट हरवतो, म्हणून व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर न मोजता व्हॉल्व्हच्या पिनांवर मोजायचा. तो ९.५ ते १०.५ व्होल्टच्या दरम्यान हवा. थोरिएटेड टंगस्टनचे फिलामेंट कमी व्होल्टेजवर ठेवले की टिकते असा एक समज आहे, पण फार कमी व्होल्टेजवर ठेवून त्याच्याकडून पूर्ण करंट काढला, तर तेही त्याला बाधतेच. एचटी ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी सोडवून ठेवून नुसती फिलामेंटे रात्रभर पेटती ठेवा. इतकी वर्षे पडून राहिलेल्या व्हॉल्व्हमध्ये थोडा वायू सुटलेला असतो, आणि एकदम एचटी दिली तर आत ठिणगी पडते.

हे सगळे झाल्यावरच एचटीचा विचार. डिमरस्टॅट (व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर उत्तमच. तो नसेल, तर इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बल्बचा बोर्ड एचटी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत घ्या. १०० वॅटचा बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर कंडेन्सर भरत आहेत असे समजावे. तो तसाच प्रखर राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि बल्बने आपले यंत्र वाचवले आहे. एचटीच्या प्लस वायरमध्ये ५० ओहमचा एक दणकट वायरवाउंड रेझिस्टर कायमचा घालून ठेवा. व्हॉल्व्हमध्ये कधी ठिणगी पडलीच, तर कंडेन्सरांतला सगळा करंट एकदम धावत नाही आणि मीटर व ग्रिड वाचतात. पहिली चाचणी ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या रेझिस्टरवर), थोड्या पॉवरने, आणि ट्यूनिंग करताना की (सेटचे प्रक्षेपणाचे बटण) दाबून ठेवण्याचा काळ दहा सेकंदांच्या आत. वडिलांनी हाताने गुंडाळलेल्या कॉइलला आणि त्यांनी केलेल्या वायरिंगला शक्यतो हात लावू नका. फोटोंत ते काम इतके नेटके दिसते की त्यात बदल करण्यासारखे काही नाही.

प्रश्न : माझे पती निवृत्तीनंतर बलकावाला लागून असलेल्या खोलीत व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बांधतात. मला त्यातले काही कळत नाही, पण भीती वाटते. घरातल्या माणसाने काय माहीत करून घ्यावे? (एक वाचिका, साखळी)

उत्तर : आपला प्रश्न या सदरातला सर्वांत महत्त्वाचा आहे. घरात ईएलसीबी किंवा आरसीसीबी बसवला आहे, म्हणून धोका नाही, असे बऱ्याच घरांत धरून चालतात. ते उपकरण मेन्सच्या शॉकपासून वाचवते. अ‍ॅम्प्लिफायरमधला १५०० किंवा २५०० व्होल्टचा भाग ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे असतो, त्यामुळे तिथे शॉक बसला तर आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय प्लग काढल्यावरही कंडेन्सरांत चार्ज राहू शकतो, आणि तो माणसाचा जीव घेण्याएवढा असू शकतो.

त्या खोलीचा वीजपुरवठा एकाच स्विचने बंद होईल अशी सोय करून घ्या, आणि तो स्विच खोलीच्या दाराबाहेर, आपल्या हाताला येईल असा असू द्या. पतींना शॉक बसला आहे असे वाटले, तर त्यांना हात न लावता आधी तो स्विच बंद करा, कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला सारा, १०८ ला फोन करा, आणि श्वास किंवा हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहा. हे एकदा कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घेतले पाहिजे.

पतींना माझ्यातर्फे सांगा की, झाकण उघडले की पुरवठा तोडणारा इंटरलॉक स्विच त्यांनी काढून ठेवला असेल तर तो परत बसवावा. सुक्या लाकडाच्या किंवा फायबरच्या हातभर काठीला तांब्याचा आकडा लावून, तो जाड वायरने चासीला जोडावा, आणि आत बोट घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी एचटीच्या टोकाला तो टेकवावा, नुसता टेकवू नये तर काम संपेपर्यंत तिथेच अडकवून ठेवावा. चालू यंत्रावर मोजमाप करताना एक हात खिशात असावा. आणि घरात दुसरे माणूस जागे नसताना उघड्या यंत्रावर काम करू नये. या एका बाबतीत आपण हट्ट धरलात तरी तो रास्तच ठरेल.

प्रश्न : समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर आहे. ८११-ए च्या दोन व्हॉल्व्हचा माझा अ‍ॅम्प्लिफायर हिवाळ्यात व्यवस्थित चालतो, पण जून-जुलैत ८० मीटर तरंगलांबीच्या बँडवर ट्यून कंडेन्सरमध्ये ठिणग्या उडतात. प्लेटा घासल्या तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच. (एक वाचक, वास्को)

उत्तर : ठिणगी कंडेन्सरमध्ये दिसते, पण तिचे कारण बहुधा दोन ठिकाणी आहे. पहिले कारण खारा वारा. त्याच्यासोबत येणारे मीठ अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटांच्या कडांवर बसते, पावसाळी हवेतली ओल शोषून घेते आणि पांढरट भुकटी तयार होते. भिंग घेऊन बघितलेत, तर पूर्वीच्या ठिणगीच्या जागी कडेवर मोहरीच्या दाण्याहून बारीक असा एक टोकदार उंचवटा दिसेल. पुढची ठिणगी तिथूनच उडते. खरखरीत पॉलिश पेपरने घासले की असे आणखी उंचवटे तयार होतात, म्हणून दोन दिवसांत तेच पुन्हा घडते. अगदी बारीक पेपरने कडा गोलसर करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्लेटा, सिरॅमिकचे आधार आणि बँड स्विच धुवा, आणि सगळे पूर्ण वाळू द्या. बँड स्विच बेकेलाइटचा असेल तर तो सिरॅमिकचा करून घ्या. बेकेलाइट ओल पितो आणि त्याच्यावर एकदा काळी रेघ उमटली की ती पुसून जात नाही.

दुसरे कारण अँटेनात शोधा. पावसाळ्यात कोअ‍ॅक्स केबलच्या वरच्या टोकात पाणी शिरते, अँटेना झाडांच्या ओल्या पानांना लागते, आणि अ‍ॅम्प्लिफायरला दिसणारा लोड बदलतो. मग लोड कंडेन्सर हिवाळ्यातल्याच खुणेवर ठेवला, तर व्हॉल्व्हवरचा भार हलका पडतो आणि ट्यून कंडेन्सरवरचा व्होल्टेज वाढतो. डमी लोडवर ठिणगी उडत नसेल आणि अँटेनावर उडत असेल, तर दोष प्लेटांत नाही, छपरावर आहे. केबलचे वरचे टोक कापून बघा. तांब्याची जाळी काळी-हिरवी पडली असेल, तर तेवढा भाग काढून नव्याने जोडा आणि वरून रबराची सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप घट्ट गुंडाळा. नुसत्या इन्सुलेशन टेपने आपल्याकडचा पाऊस अडत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर वापरात नसताना त्याच्या आत ५-१० वॅट उष्णता देणारा एक वायरवाउंड रेझिस्टर किंवा छोटा बल्ब कायम चालू ठेवण्याची पद्धत समुद्राकाठी राहणाऱ्या प्रत्येकाने अंगीकारावी. आतली हवा बाहेरच्यापेक्षा थोडी उबदार राहिली की ओल धरत नाही. आणि मे-जूनमध्ये व ऑक्टोबरात गडगडाट सुरू होण्यापूर्वीच केबल काढून घराबाहेर टाकायची सवय मोडू देऊ नका.

प्रश्न : व्हॉल्व्हमध्ये निळा उजेड दिसतो. व्हॉल्व्ह गेला का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : निळा उजेड काचेच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटून दिसत असेल आणि बोलताना कमीजास्त होत असेल, तर काळजीचे कारण नाही, भरकटलेले इलेक्ट्रॉन काचेवर आदळल्याने तो दिसतो. फिलामेंट आणि व्हॉल्व्हची प्लेट यांच्यामधल्या पोकळीत जांभळट किंवा गुलाबीसर धूर भरल्यासारखा उजेड दिसला, तर आत वायू आहे, आणि एचटी ताबडतोब बंद केली पाहिजे. ज्या व्हॉल्व्हच्या काचेवर आरशासारखा चकचकीत डाग असतो, उदाहरणार्थ ८०७, त्याचा तो डाग दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे. त्याला उपाय नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. परवाना मिळाला आहे आणि १०० वॅटचा सेट आहे. पहिला अ‍ॅम्प्लिफायर कोणत्या व्हॉल्व्हचा बांधावा? सामान कुठे मिळेल? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आधी एक हिशेब मांडतो. १०० वॅटचे ४०० वॅट केले, तर समोरच्याच्या मीटरवर एकच एस-युनिट, म्हणजे सिग्नलच्या मोजपट्टीवरची एक पायरी, वाढते. आपला ४० मीटरच्या बँडचा डायपोल (मध्यभागी केबल जोडलेली तारेची अँटेना) जर घराच्या कौलांच्या उंचीवर लोंबत असेल, तर तो दोन माडांच्या शेंड्यांजवळ नेल्याने दूरच्या स्थानकांसाठी तेवढाच फायदा बहुधा फुकटात मिळतो, आणि ऐकूही चांगले येते, जे कोणताही अ‍ॅम्प्लिफायर देऊ शकत नाही. त्या डायपोलची एकूण लांबी साधारण २० मीटर असते, म्हणजे जेमतेम अंगणाएवढी. म्हणून पहिला खर्च अँटेनावर आणि चांगल्या केबलवर करावा. शिवाय परवान्यावर जी कमाल पॉवर नमूद असेल तिच्याबाहेर जायचे नाही, हे यंत्राची आखणी करतानाच ठरवून टाका.

हे करूनही अ‍ॅम्प्लिफायर बांधायचाच असेल, तर माझ्या मते आपण दोन ८११-ए घ्यावेत. ८०७ स्वस्त आहे आणि आपल्याकडच्या जुन्या हॅम मंडळींचा तो लाडका, पण त्याच्या स्क्रीन ग्रिडला वेगळा, स्थिर व्होल्टेज द्यावा लागतो आणि तिथेच नवखा माणूस अडकतो. रशियन जीयू-५० दणकट आहे, त्याला वर काढण्याघालण्यासाठी मूठही असते, आणि त्याच्या हीटरला १२.६ व्होल्ट लागतात. मात्र त्याचे सॉकेट खास असते. ३-५००झेड हा उत्कृष्ट व्हॉल्व्ह आहे, पण त्याला जोराचा वारा सतत द्यावा लागतो, आणि तो जळाला तर विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नाही. ८११-ए ला ग्राउंडेड ग्रिड जोडणीत नकारात्मक बायसही लागत नाही, स्क्रीन ग्रिडही नाही. फिलामेंट ६.३ व्होल्ट, ४ अँपिअर. सेटची पॉवर फिलामेंटवाटे आत जाते, त्यामुळे फिलामेंटच्या दोन्ही तारा फेराइटच्या दांड्यावर जोडीने गुंडाळून चोक करावा लागतो. हे काम पहिल्याच प्रयत्नात जमण्यासारखे आहे.

प्लेट व्होल्टेज १५०० आणि दोन्ही व्हॉल्व्हचा मिळून करंट ३०० मिलिअँपिअर धरला, तर व्होल्टेजला करंटच्या १.८ पटीने भागून लोड रेझिस्टन्स सुमारे २८०० ओहम येतो. पाय नेटवर्कचा (व्हॉल्व्हची प्लेट आणि अँटेना यांना जुळवून देणाऱ्या कॉइल-कंडेन्सरांच्या जोडणीचा) क्यू १२ धरल्यास ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर ट्यून कंडेन्सर १०० पिकोफॅरडच्या जरा खाली, कॉइल पावणेसहा मायक्रोहेन्रीच्या आसपास आणि लोड कंडेन्सर ५७० पिकोफॅरडच्या जवळपास लागतो. ट्यून कंडेन्सरच्या प्लेटांमध्ये दीड मिलिमीटर अंतर हवे. लोड कंडेन्सरला मात्र तेवढे लागत नाही, कारण ५० ओहमच्या बाजूला २०० वॅटलाही शिखर व्होल्टेज १४१ च असतो; जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला गँग कंडेन्सर, त्याचे सगळे भाग समांतर जोडून, तिथे छान चालतो. असा मोडका रेडिओ गोव्यातल्या अनेक घरांत माळ्यावर सापडेल.

दोन लहान भाग गाळण्याचा मोह होतो, ते गाळू नका. प्रत्येक प्लेटच्या टोपीजवळ तीन-चार वेढ्यांची कॉइल आणि तिच्या आत ४७ ते १०० ओहमचा कार्बन रेझिस्टर बसवतात. तो नसेल तर व्हॉल्व्ह आपल्या मर्जीने खूप वरच्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट करू लागतो. आणि अँटेनाच्या सॉकेटवर जमिनीकडे जाणारा २.५ मिलिहेन्रीचा चोक. प्लेटचा ब्लॉकिंग कंडेन्सर कधी शॉर्ट झाला, तर हा चोक एचटी जमिनीत उतरवून फ्यूज उडवतो. तो नसेल, तर तेच १५०० व्होल्ट अंगणातल्या अँटेनाच्या तारेवर जातात.

चिनी बनावटीचे नवे व्हॉल्व्ह एफयू-८११ या नावाने मिळतात. ८१३ चा चिनी जोडीदार एफयू-१३. जुन्या मालासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड अजूनही पालथा घालण्यासारखा आहे, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले जुने व्हॉल्व्ह कोणाकडे न वापरलेले निघाले, तर ते विश्वासाने घ्यावेत. ट्रान्सफॉर्मर मुंबईहून मागवण्याची गरज नाही. मोटार आणि स्टॅबिलायझर रिवाइंडिंग करणारा चांगला कारागीर तो इथे बांधून देतो. त्याला फक्त व्होल्टेज आणि करंट सांगून भागत नाही. प्रत्येक थरानंतर इन्सुलेशनचा कागद कडेपर्यंत हवा, एचटीच्या तारा स्लीव्हमधून बाहेर यायला हव्यात, आणि वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत पूर्ण सुकवलेला हवा, हे कागदावर लिहून द्यावे आणि समोर उभे राहून बघावे.

प्रश्न : गोवा मुक्तिलढ्यातल्या गुप्त रेडिओ केंद्रावर असेच व्हॉल्व्ह होते का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे केंद्र नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे डिसेंबर १९६१ पर्यंत, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्याच्या सीमेपलीकडच्या जंगलातून चालवले. १९५५ साली शॉर्टवेव्हवर दूरवर ऐकू जाईल एवढी पॉवर देऊ शकणारे ट्रान्झिस्टर उपलब्ध नव्हते, त्यामुळे त्या काळचा असा कोणताही ट्रान्समीटर व्हॉल्व्हचाच असे. सह्याद्रीच्या पावसात उच्च व्होल्टेजचे यंत्र वर्षानुवर्षे चालते ठेवणे किती कठीण असते, हे आपल्या घरात बसून ओलीशी झगडणाऱ्या हॅमला चांगले समजेल. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

प्रश्न : ७ मेगाहर्ट्झवर अ‍ॅम्प्लिफायर लावून बोललो की शेजाऱ्यांच्या म्युझिक सिस्टीममधून माझा आवाज येतो. गेल्या चवथीत ऐन आरतीच्या वेळी तसे झाले आणि वाद झाला. माझ्या यंत्रात दोष आहे का? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : बहुधा नाही. आपले यंत्र नको त्या फ्रिक्वेन्सीवर पॉवर सोडत असते, तर तो दोष आपला ठरला असता. इथे शेजाऱ्यांच्या स्पीकरच्या लांब वायरा अँटेनाचे काम करतात. ७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साडेदहा मीटरच्या आसपास असते, आणि चवथीला चौकातून अंगणापर्यंत ओढलेली स्पीकरची वायर साधारण तेवढीच असते. तिच्यातून आलेली रेडिओ लहर त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरमध्ये शिरते आणि तिचा आवाज होतो.

दोष त्यांच्या उपकरणाचा असला तरी दुरुस्तीसाठी आपणच जावे. फेराइटच्या मोठ्या रिंगमधून स्पीकरची वायर आठ-दहा वेढे गुंडाळा, तशीच एक रिंग त्यांच्या मेन्सच्या वायरला लावा. आपल्या बाजूने डायपोलच्या मध्यावर चोक बालन बसवा, म्हणजे केबलची बाहेरची जाळी पॉवर फेकणार नाही, आणि अँटेनाचे टोक त्यांच्या घरापासून दूर वळवता येते का ते बघा. एवढ्याने बहुतेक वेळा त्रास थांबतो. आणि चवथीच्या दिवसांत आरतीच्या वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंदच ठेवावा. परवाना प्रक्षेपणाचा मिळतो, शेजार मात्र आपल्यालाच सांभाळावा लागतो.

प्रश्न : परदेशातल्या नातेवाइकाने जुना अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायर, हीथकिट एसबी-२२०, पाठवला आहे. इथे लावताना काय बघावे? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : यात ३-५००झेड चे दोन व्हॉल्व्ह असतात आणि एचटी ३००० व्होल्टच्या आसपास जाते, तेव्हा डिचोलीच्या वाचकांना लिहिलेले सगळे इथेही लागू आहे. त्याखेरीज प्रायमरीची जोडणी १२० व्होल्टवर आहे की २४० वर, हे झाकण उघडून तारांवरून ठरवा. मागच्या लेबलावर विसंबू नका, कारण आधीच्या मालकाने ती बदललेली असू शकते. एखाद्या दुसऱ्या अमेरिकन यंत्राच्या ट्रान्सफॉर्मरवर फक्त ६० हर्ट्झ लिहिले असेल, तर आपल्या ५० हर्ट्झवर त्याच्या कोअरमधला फ्लक्स सुमारे २० टक्क्यांनी वाढतो आणि तो तापतो. अशा वेळी डिमरस्टॅटने व्होल्टेज कमी ठेवावा लागतो. या यंत्रात ३-५००झेड च्या प्लेटा काम करताना लालसर होतात. ते बिघाडाचे लक्षण नाही, त्या तापण्यासाठीच बनवल्या आहेत, मात्र पंखा क्षणभरही थांबता कामा नये. पंख्याच्या बेअरिंगमध्ये तेलाचे दोन थेंब टाकून तो हाताने फिरवून बघा.

सर्वांत महत्त्वाचे सॉकेट मागच्या बाजूला आहे: सेटने अ‍ॅम्प्लिफायरचा रिले (विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) ओढायचा ते. या जुन्या मॉडेलात त्या सॉकेटवर १०० व्होल्टहून जास्त डीसी असतो. ज्या काळी सेटमध्येही रिलेच असत, त्या काळी याने काही बिघडत नसे. आजच्या सेटमध्ये तिथे एक नाजूक ट्रान्झिस्टर असतो, आणि केबल जोडून पहिल्यांदा की दाबताच तो जळतो. मध्ये उच्च व्होल्टेज सोसणाऱ्या एका ट्रान्झिस्टरचा किंवा ऑप्टोकपलरचा छोटा सर्किट बोर्ड घाला. तो बसेपर्यंत ती केबल सेटला जोडू नका, आणि बसल्यावरही सेटकडच्या टोकावर मल्टिमीटर धरून व्होल्टेज १२ च्या आत आहे याची खात्री करून मगच ती जोडा.